वीस पानांचा न्याय

१९९२च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला, आणि ही बातमी आयुष्यात कधी कॉमिक हातात न धरलेल्यांपर्यंतही पोहोचली. 'सुपरमॅन'च्या ७५व्या अंकासाठी दुकानांबाहेर रांगा लागल्या. बातमीत मरण होतं, मारणारा डूम्सडे होता, आता पुढे काय ही उत्सुकता होती. पण या कथेच्या शेवटच्या चार अंकांत चार वेगवेगळ्या चित्रकारांनी मिळून जे केलं होतं, ते बातमीत मावणारं नव्हतं. पहिल्या अंकात पानावर चार चौकटी. पुढच्यात तीन. त्याच्या पुढच्यात दोन. आणि ७५व्या अंकात पानावर एकच चित्र, पानामागून पान, शेवटाकडे तर एकेक चित्र दोन पानांवर पसरलेलं. मरण जवळ येतंय हे कुणी बोलून दाखवायच्या आधीच डोळ्यांना कळत जातं, कारण चौकटी संपत चालल्या आहेत.

बातमीदाराने ही मोजणी पकडावी अशी अपेक्षा कुणी करणार नाही. समीक्षकाने मात्र ती पकडलीच पाहिजे. दर आठवड्याला सुपरहिरो आणि फँटसी कॉमिक्सचे नवे अंक डझनांनी येतात, त्यांच्यावर तितक्याच वेगाने लिहिलं जातं, आणि त्या लिखाणाचा साचा इतका पक्का झालाय की लिहिणाऱ्याचं नाव झाकलं तर कुणाचं कुठलं हे ओळखू येऊ नये. मागच्या अंकात काय झालं याचा एक परिच्छेद. या अंकात काय घडतं याचे तीन. 'चित्रं नेहमीप्रमाणेच देखणी' हे अर्धं वाक्य. शेवटी दहापैकी साडेआठ. असलं परीक्षण चित्रांवर हात ठेवून, नुसते संवाद वाचूनही लिहिता आलं असतं. कॉमिक्सची याहून मोठी हेळसांड मला सुचत नाही, आणि ती कॉमिक्सवर मनापासून प्रेम करणारी माणसं करताहेत याचं जास्त वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या अंकाचं परीक्षण त्या अंकाचं असावं: त्यातल्या वीस-बावीस पानांचं, पानांवरच्या चौकटींचं, रंगांचं, अक्षरांचं. कथानक हा त्या कामाचा एक भाग आहे, आणि बहुतेक वेळा तोच सगळ्यांत सहज हाती लागणारा भाग असतो. तेवढ्यावर थांबलं की वाचकाच्या पदरात काही पडत नाही आणि ज्यांनी ती पानं घडवली त्यांच्यावर अन्याय होतो.

अन्याय हा शब्द मी विचार करून वापरतेय. श्रेय नाकारण्याची या व्यवसायाला जुनी सवय आहे. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला विकले. पुढे कित्येक वर्षं सुपरमॅनच्या अंकांवर त्यांची नावंसुद्धा नव्हती. ती परत आली १९७५ मधल्या समझोत्यानंतर. बॅटमॅन ओळखला गेला तो बॉब केन यांचा म्हणून. त्याचं रूप आणि स्वभाव घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते बिल फिंगर १९७४ मध्ये वारले, आणि त्यांचं नाव श्रेयात अधिकृतपणे यायला २०१५ साल उजाडलं. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये लेखक स्टॅन ली कथेचा नुसता आराखडा देत, कधी तोंडीच. ती कथा पानांवर कशी उतरवायची, कोणता प्रसंग किती लांबवायचा, कुणाचा चेहरा नेमका कधी दाखवायचा, हे सगळं जॅक कर्बी किंवा स्टीव्ह डिटको हे चित्रकार ठरवत. संवाद त्यानंतर भरले जात. 'फँटॅस्टिक फोर'च्या ४८व्या अंकाची पानं कर्बींकडून आली तेव्हा त्यांत फळीवर उभी राहून आकाशातून येणारी एक चंदेरी आकृती होती. तिच्याबद्दल दोघांचं आधी काहीच बोलणं झालेलं नव्हतं, आणि हे खुद्द ली यांनीच सांगितलेलं आहे. सिल्व्हर सर्फर असा चित्रकाराच्या पेन्सिलीतून जन्माला आला. त्या अंकावर लिहिताना कुणी 'लेखकाने या वेळी एक नवं पात्र आणलं आहे' असं म्हटलं असतं, तर ते धडधडीत खोटं ठरलं असतं. आजच्या परीक्षणांत ही वाक्यरचना मला जागोजागी दिसते.

आता बहुतेक लेखक प्रत्येक चौकटीचं वर्णन असलेली पूर्ण संहिता देतात, तेव्हा श्रेय त्यांनाच जायला हवं, असं कुणी म्हणेल. संहितेतल्या 'तो आत येतो' या तीन शब्दांचं पानावर काय होतं, ते पाहिलं तर हा मुद्दा टिकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'चा पहिला अंक आला. लेखक स्कॉट स्नायडर यांची कल्पना अशी की या जगातल्या ब्रूस वेनकडे वाडवडिलांची संपत्ती नाही. चर्चा त्याच एका ओळीची झाली, पण ती ओळ तर जाहिरातीतच होती. तेवढ्यासाठी अंक उघडायचीही गरज नव्हती. अंक उघडल्यावर समोर येतं ते निक ड्रगोटा यांनी काढलेलं शरीर, चौकटीत कसंबसं मावणारं, खांद्यांनी कडा ढकलणारं. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह सुटं होऊन कुऱ्हाडीचं पातं बनतं. पैसा काढून घेतला तर त्याच्या जागी काय आलं, या प्रश्नाचं उत्तर चित्रकाराने दिलंय: वजन. परीक्षणाची सुरुवात इथून व्हायला हवी होती.

पान वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं मला विचारलं तर मी 'हॉकआय'चा ११वा अंक पुढे करीन. २०१३ मध्ये आलेला हा अंक सगळाच्या सगळा एका कुत्र्याच्या नजरेतून आहे. कथानक दोन ओळींचं: इमारतीत एकाचा खून झालाय, कुत्रा माग काढत फिरतो. माणसं बोलतात, पण संवादाच्या फुग्यांतली बहुतेक वाक्यं गिचमिड झालेली असतात. कुत्र्याला कळणारे मोजके शब्द तेवढे वाचता येतात. कोण कुठून आलं, कुणाला कसला वास येतो, कोण ओळखीचं, हे चित्रकार डेव्हिड अजा यांनी लहान लहान चिन्हांच्या जाळ्यातून मांडलंय. मॅट हॉलिंग्सवर्थ यांचे रंग जाणूनबुजून मोजके. लेखक मॅट फ्रॅक्शन यांचं मोठेपण इथे असं की त्यांनी स्वतःचे शब्द मागे घेतले. या अंकाला २०१४ मध्ये सर्वोत्तम एकल अंकाचा आयस्नर हा कॉमिक्सचा पुरस्कार मिळाला. त्याचं कथासार लिहून पाहा, हातात काहीच उरत नाही. आणि ज्या अंकाचं सगळं बळ कथासारातून गळून जातं, त्याच्यासमोर कथासार हे हत्यारच निकामी आहे, हे मान्य करायला हवं.

अक्षरांचं काम करणाऱ्यांबद्दल तर कुणी बोलतच नाही. लेटररचं नाव परीक्षणात आलंच तर वरच्या माहितीच्या चौकोनात येतं आणि तिथेच राहतं. पण आपण कॉमिक ज्या वेगाने वाचतो तो वेग लेटरर ठरवतो. फुगा चौकटीच्या कुठल्या कोपऱ्यात आहे यावर नजर आधी चेहऱ्याकडे जाईल की हाताकडे, हे अवलंबून असतं. 'सँडमॅन'मध्ये टॉड क्लाइन यांनी स्वप्नांच्या अधिपतीला काळ्या, वेड्यावाकड्या कडांच्या फुग्यात पांढरी अक्षरं दिली, तर त्याची बहीण डिलिरियम हिच्या शब्दांच्या मागे रंग वाहते ठेवले. कागदावर आवाज नसतो. तरी त्या दोघांचे आवाज वेगळे ऐकू येतात. हे वाचकाला जाणवलेलं असतं, फक्त कशामुळे ते त्याला सांगता येत नाही. ते सांगणं हे समीक्षकाचं काम. रंगांचंही तसंच. 'हेलबॉय'मध्ये माइक मिन्योला यांच्या काळ्याभोर सावल्यांच्या मधोमध रंगकार डेव्ह स्टुअर्ट तो एक सपाट लाल रंग असा ठेवतात की पानभर अंधारातही नायक कुठे आहे हे शोधावं लागत नाही.

इथे एक अडचण मला गंभीर वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. समीक्षकाला अंक मिळतो तो प्रकाशनाच्या आधी, पीडीएफच्या रूपात. तो पडद्यावर एकेक पान सरकवत वाचला जातो. पण चित्रकाराने रचना केलेली असते ती छापील अंकासाठी. डावं पान आणि उजवं पान एकत्र दिसतात; धक्का द्यायचा असेल तर तो पान उलटल्यावर, म्हणजे डाव्या पानावर ठेवावा लागतो, नाहीतर समोरच्या पानावरून तो आधीच डोळ्यांत भरतो. 'वॉचमेन'च्या पाचव्या अंकात डेव्ह गिबन्स यांनी पहिलं पान आणि शेवटचं पान, दुसरं आणि शेवटून दुसरं, अशी सगळी पानं आरशातल्यासारखी जुळवली आहेत, आणि मधोमध समोरासमोरची दोन पानं मिळून ती सममिती पूर्ण होते. पडद्यावर ही दोन पानं सुटी सुटी पाहणाऱ्याला अंकाचा कणाच दिसत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की निदान जोडपानं शेजारी शेजारी लावून पाहावीत, आणि छापील अंक हातात आल्यावर तो पुन्हा उघडावा. वेळ जाईल, परीक्षण दोन दिवस उशिरा येईल. येऊ दे.

उशिराच्या या मुद्द्याचा विक्रीच्या पद्धतीशी संबंध आहे. सत्तरच्या दशकात फिल सूलिंग यांच्या पुढाकाराने अमेरिकेत जी थेट विक्रीची व्यवस्था उभी राहिली, तिच्यात कॉमिक्सच्या दुकानदाराला जास्त सवलत मिळते, पण न विकलेले अंक सहसा परत करता येत नाहीत. त्यामुळे किती प्रती मागवायच्या हे त्याला अंक येण्याच्या कितीतरी आधी ठरवावं लागतं. मागणीत बदल करण्याची शेवटची संधीसुद्धा अंकाच्या काही आठवडे आधी संपते. परीक्षण येतं अंक बाजारात येतो त्या दिवशी. म्हणजे दुकानात किती प्रती आल्या यावर त्या परीक्षणाचा परिणाम शून्य. तरीही आपण 'घ्या' किंवा 'घेऊ नका' अशा सुरात लिहितो आणि पहिल्या अंकावर तुटून पडतो. पहिल्या अंकाला गाजावाजा असतो, निरनिराळी मुखपृष्ठं असतात, साठवून ठेवणारे ग्राहक असतात. दुसऱ्यापासून मागणी उतरते, आणि मालिका जगणार की मरणार हे तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या अंकाच्या सुमारास ठरतं. नेमकी त्याच वेळी समीक्षा गप्प होते. चांगल्या मालिकेचा चौथा अंक शोधत फिरा, त्यावर चार ओळीही सापडत नाहीत. ज्याला खरोखर एखाद्या कामाच्या मागे उभं राहायचं आहे, त्याने पहिला अंक सोडावा आणि चौथ्यावर लिहावं.

आकड्यांबद्दल मी थोडक्यातच बोलते, कारण त्यात बोलण्यासारखं कमी आहे. दहापैकी आठच्या खाली क्वचितच कुणी उतरतं. याचं एक कारण प्रेम आहे, दुसरं कारण पुढच्या आठवड्याची पीडीएफ. प्रकाशकाने पाठवणं बंद केलं तर, ही भीती उघड बोलली जात नाही, पण वाक्यांत उमटते. सगळेच साडेआठ असतील तर त्या आकड्याला अर्थ नाही. तो काढून टाकला तर समीक्षकाला आपलं मत वाक्यांत मांडावं लागेल, आणि तेच तर हवंय.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. एक अंक म्हणजे मोठ्या कथेचा तुकडा. पाच-सहा अंक मिळून पुस्तक होतं, न्याय त्या पुस्तकाचा करावा, असं अनेक जाणते वाचक म्हणतात. बरेच लेखकही आता पुस्तक डोळ्यांपुढे ठेवूनच लिहितात हे खरं आहे. पण मग प्रकाशक तो तुकडा वेगळी किंमत लावून, वेगळं मुखपृष्ठ घालून, महिनाभराच्या प्रतीक्षेनंतर का विकतो? ज्याचे पैसे वेगळे घेतले जातात त्याचा हिशेब वेगळा मागता आला पाहिजे. वीस पानांत एक हालचाल पूर्ण होऊ शकते, एक प्रश्न उभा राहून त्याची दिशा बदलू शकते. 'सँडमॅन' ही ७५ अंकांची दीर्घ मालिका. तिच्यातल्या १९व्या अंकाला, एकट्या त्या अंकाला, १९९१ मध्ये वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला, तोही लघुकथेच्या विभागात, नुसत्या शब्दांत लिहिलेल्या कथांशी स्पर्धा करून. लेखक नील गेमन आणि चित्रकार चार्ल्स वेस यांनी तो अंक पुढच्या अंकाची तयारी म्हणून रचलेला नव्हता. जो अंक केवळ पुढच्याची तयारी करतो, त्याच्याबद्दल तसं स्पष्ट लिहावं. 'मांडणीचा अंक आहे, पुढे मजा येईल' ही सवलत आपण इतक्या वेळा दिलीय की आता ती गृहीत धरूनच अंक लिहिले जातात.

फँटसीच्या बाबतीत ही सवलत सर्वाधिक महागात पडते. नवं जग उभं करायचं म्हणून पहिल्या अंकात राजघराण्यांची नावं, युद्धांच्या सनावळ्या, जादूचे नियम ओतले जातात, आणि परीक्षणात तीच यादी पुन्हा येते. 'सागा'चा पहिला अंक २०१२ मध्ये आला. ४४ पानं, किंमत २.९९ डॉलर. लेखक ब्रायन के. वॉन आणि चित्रकार फियोना स्टेपल्स यांनी तो एका बाळंतपणाने सुरू केला. आईला पंख, बापाला शिंगं. दोन वंशांचं वैर समजायला तेवढं पुरतं. निवेदन करते ती त्यांची मुलगी, आणि तिचे शब्द चौकोनात कोंडलेले नसून स्टेपल्स यांनी स्वतःच्या हाताने थेट चित्रावर लिहिलेले आहेत, त्यामुळे ती त्या जगात मोठी झालीय हे पानच सांगतं. दुसरीकडे 'मॉन्स्ट्रेस'मध्ये लेखिका मार्जोरी लियू यांनी रचलेला इतिहास गुंतागुंतीचा आहे, त्यातली नावं पहिल्या वाचनात लक्षात राहत नाहीत, पण चित्रकार साना ताकेदा यांनी काढलेलं भिंतींवरचं नक्षीकाम, कपड्यांची शिवण, जुनाट यंत्रं यांतून तो इतिहास आधी दिसतो आणि मग समजतो. फँटसीच्या नव्या अंकाला विचारायचा माझा प्रश्न असा असतो: संवाद काढून टाकले तर या जगाबद्दल मला काय कळेल? ज्या अंकाकडे याचं उत्तर नाही, त्याची वंशावळ कितीही मोठी असो, ते जग अजून उभं राहिलेलं नाही.

सुपरहिरोंच्या बाजूला वेगळाच रोग आहे. तिथे अंकाचं परीक्षण होण्याऐवजी पात्राच्या वतीने फिर्याद मांडली जाते. 'माझा स्पायडरमॅन असं वागणार नाही.' कित्येक दशकं शेकडो हातांतून गेलेल्या पात्राबद्दल आपल्या मनात एक मूर्ती असते, आणि ती प्रत्येकाची वेगळी असते. त्या मूर्तीशी तुलना करून अंक नापास करणं म्हणजे स्वतःच्या आठवणींबद्दल लिहिणं. तो वागतो ते या वीस पानांत पटतं का, एवढाच प्रश्न समीक्षकाच्या हातातला आहे. न पटल्यास कुठल्या पानावर पटलं नाही, ते दाखवावं. आणि कठोर लिहायचं असेल तर जरूर लिहावं, पण ते परीक्षण संबंधित चित्रकाराला समाजमाध्यमांवर टॅग करून त्याच्या अंगावर फेकू नये. परीक्षण वाचकासाठी असतं. त्या चित्रकाराने ती पानं महिनाभर खपून काढलेली असतात. आपल्या मताची हाळी त्याच्या दारात जाऊन देण्याचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

रहस्य फोडण्याचा वादही कथासाराच्याच सवयीतून येतो. रचनेबद्दल लिहिणाऱ्याला शेवट सांगावाच लागत नाही. तिसऱ्या पानावरच्या एका चौकटीवर पानभर लिहिता येतं आणि कुणाची मजा जात नाही.

आठवड्याला दहा अंकांवर लिहिणाऱ्यांना हे सगळं अशक्य वाटेल, आणि दहा अंकांसाठी ते अशक्यच आहे. मग दहा कशाला? दोन निवडावेत, त्यांतला एक तरी चौथा-पाचवा अंक असावा. प्रत्येक अंक दोनदा वाचावा, दुसऱ्यांदा संवाद न वाचता. एक पान निवडून त्यावर काय चाललंय ते सविस्तर लिहावं आणि शक्य असेल तर ते पान लेखासोबत दाखवावं. ज्या वाक्यात लेखकाचं नाव आपोआप आलं, तिथे थांबून हा निर्णय खरोखर त्याचा असेल का हे तपासावं. खात्री नसेल तर 'या अंकात' म्हणावं. चित्रकार, कलरिस्ट, लेटरर यांची नावं चौकोनातून काढून वाक्यांत आणावीत, त्यांच्या कामासकट. उरलेल्या आठ अंकांवर आपण लिहिलं नाही म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. त्यांच्या कथेचा गोषवारा प्रकाशकाने आधीच दिलेला असतो.